खाडीवर रात्रपाळी कोण करणार? पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दाभोळ खाडीत स्वयंचलित बोटींनी पाण्याच्या प्रदूषणावर नजर ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

भरतीची वेळ काढायला कोकणात पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की झालं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. खाडीत जसजसं आत जावं तसतसा थोडा उशीर धरायचा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या खलाशालाही हा हिशेब तोंडपाठ असतो. आता आपल्याच खात्याच्या कामाला हा हिशेब लावून बघा. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, दिवसांत भरती येते ती दुपारी अकरा-बाराला आणि मध्यरात्री. सर्वात खोल ओहोटी लागते ती पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी. नमुन्याच्या बाटल्या घेऊन सरकारी गाडी कार्यालयातून दहाला निघाली, तर धक्क्यावर पोचते अकरा-साडेअकराला. त्या वेळी खाडी काठोकाठ भरलेली असते, आणि भरलेली असते ती समुद्राच्या पाण्याने. बाटलीत अरबी समुद्र येतो, खाडी येत नाही.

पहाटेची ओहोटी आणखी एका कारणासाठी महत्त्वाची. पाण्यातली शेवाळं दिवसा उन्हात प्राणवायू सोडतात, आणि रात्रभर तीच तो वापरतात. त्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू सूर्योदयाच्या जरा आधी सर्वात कमी असतो. त्याच वेळी ओहोटीने पाणी कमी झालेलं, आणि वरून जे काही सोडलं असेल ते त्या थोडक्या पाण्यात कमीत कमी पातळ झालेलं. मासे मरतात ते अशा वेळी. बोईट मासे पोट वर करून तरंगायला लागतात, चिंबोऱ्या काठाच्या चिखलात चढून बसतात. गावकरी फोन करतात, कोणीतरी येतं, पंचनामा होतो. तोवर भरती चढलेली असते आणि नमुना ठीक निघतो. अहवालात लिहिलेलं खोटं नसतं. तो फक्त दुसऱ्याच पाण्याचा अहवाल असतो.

मी या खाडीच्या काठचा. बरीच वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलरची जुनी पद्धत आपल्याला कदाचित ठाऊक असेल. बुडबुडा राहू न देता बाटली भरायची, जागच्या जागी मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं आणि बूच लावून हलवायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी बसणारा साका तपकिरी होतो, जितका जास्त तितका गडद. मुलांना होडीत बसवून हा प्रयोग करायला मला आवडायचं, कारण रंग डोळ्यांसमोर बदलतो. एका अमावास्येच्या पहाटे खाडीतल्या एका वळणावर भरलेल्या बाटलीतला साका पांढराच राहिला. दह्यासारखा पांढरा. मुलांना वाटलं रसायन घालायचं राहिलं. ती बाटली आम्ही ज्या कार्यालयात नेली तिथे ‘खाजगी नमुना ग्राह्य नाही’ असं सांगून परत पाठवलं. चिडण्यात अर्थ नव्हता, कायद्याने त्यांचं बरोबरच होतं. त्या कायद्याविषयी पुढे लिहितोच.

दाभोळ खाडी निवडण्याचं कारण फक्त माझं घर इथे आहे हे नाही. नजर ठेवायला इतकी अवघड, आणि म्हणूनच यंत्राची इतकी चांगली परीक्षा घेणारी खाडी महाराष्ट्रात दुसरी सापडणं कठीण. वाशिष्ठी चिपळूणवरून येते, खेडकडून जगबुडी येऊन मिळते, आणि दाभोळला समुद्र. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत या दोन तालुक्यांच्या मधोमध आहे, तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाहिनीने करंबवण्याकडे खाडीत येतं. खाडीत मासे मेल्याच्या बातम्या कित्येक वर्षं अधूनमधून छापून येतात, हे आपल्या खात्याला नवीन नाही. रात्री सोडतात, पावसाच्या पाण्याबरोबर सोडतात, असा लोकांचा संशय आहे. माझ्याकडे त्याचा पुरावा नाही. गावकऱ्यांकडेही नाही. आणि कारखानदार जेव्हा म्हणतात की आम्ही सोडत नाही, तेव्हा त्यांच्याकडेही खाडीतला पुरावा नसतो. इतकी वर्षं भांडण चालू आहे आणि खाडीच्या रात्रीची एकही सलग नोंद कुणी पुढे ठेवू शकत नाही.

त्यात कोयना. पोफळी-अलोरे-कोळकेवाडीची वीजघरं चालली की सह्याद्रीपलीकडचं पाणी बोगद्यातून वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला मुभा दिलेलं हे पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट आहे. म्हणजे राज्यात विजेची मागणी वाढली की आमच्या खाडीत गोडं पाणी वाढतं. भर मे महिन्यात, जेव्हा इतर खाड्या खारट होतात, तेव्हाही वाशिष्ठी वाहती असते. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. खारं जड, ते तळाशी. होडीतून हात बुडवून वरच्या थरातली बाटली भरली तर ती कदाचित कोयनेची असेल, आणि दोन मीटर खाली वेगळीच कहाणी असेल. महिन्यातून एकदा, एका ठिकाणी, एका वेळी घेतलेल्या नमुन्याला भरतीची वेळ, वीजघरांचा विसर्ग आणि थराची खोली यांची जोड नसेल, तर त्या आकड्याचा अर्थ लावणार कसा?

प्रदूषण नियंत्रण मंडळ काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली नद्या, खाड्या, समुद्र यांचे नमुने नियमित घेतले जातात आणि आकडे संकेतस्थळावर येतात. किनाऱ्याच्या पाण्यासाठी केंद्राचे निकषही स्पष्ट आहेत. आंघोळीच्या ‘एसडब्ल्यू-२’ वर्गासाठी प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो प्राणवायू) फार तर ३ मिलिग्रॅम, विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे १००. केंद्रीय मंडळाने २०१४ साली अतिप्रदूषक १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर सतत चालणारे मीटर बसवायला लावले. म्हणजे कारखान्याच्या पाइपाला चोवीस तास मीटर आहे. पाइप जिथे जातो त्या पाण्याला नाही. पाइपाला वळसा घालून काही गेलं, तर तो मीटर बिचारा काय सांगणार?

ही रात्रपाळी माणसाने करावी असं मी सुचवणार नाही. आषाढात, भर ओहोटीला, अंधारात, मगरी असलेल्या खाडीत क्षेत्र अधिकाऱ्याने होडी घालावी ही अपेक्षाच चुकीची. पण माणसाशिवाय चालणारी छोटी बोट हे करू शकते. साधारण माणसाच्या उंचीची, बॅटरीवर आणि सौर पॅनेलवर चालणारी, जीपीएसने आखून दिलेल्या वाटेवर जाणारी. ठरलेल्या ठिकाणी थांबून ती दोरीने संवेदक खाली सोडते आणि वरपासून तळापर्यंत क्षारता, तापमान, प्राणवायू, आम्लता, गढूळपणा यांची नोंद घेते. तेलासाठी आणि सांडपाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांसाठी प्रकाशावर चालणारे संवेदकही असतात. आकडे मोबाइलच्या जाळ्यावरून किनाऱ्यावर येतात.

पाणबुडीसारखी यंत्रं इथे नकोत. ती खोल समुद्रासाठी. आपल्याला आठवत असेल, ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर समुद्रात तरंगत सुटले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती. किनाऱ्यावर तवंग येईल तसा माणसं तो डोळ्यांनी बघत होती. त्याच वर्षी जून महिन्यात मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनच्या तेलगळतीमागे अमेरिकेतल्या वूड्स होल संस्थेने ‘सेंट्री’ नावाचं मानवरहित वाहन सोडलं होतं. पृष्ठभागावरून कुणालाही न दिसणारा, सुमारे ११०० मीटर खोलीवरचा हायड्रोकार्बनचा पट्टा त्याने ३५ किलोमीटरपर्यंत शोधून काढला. पैसा आणि तंत्र त्यांच्याकडे जास्त होतं हे उघड आहे. पण आपल्याकडे काहीच नव्हतं असंही नाही. त्याच्या काही वर्षं आधीच गोव्यात दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे छोटं स्वयंचलित जलवाहन बनवलं होतं, दोन-तीन माणसांनी उचलून पाण्यात सोडावं एवढं. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आहे. किनाऱ्यालगतच्या पाण्याची गुणवत्ता मोजणारे तरंगते बोये हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने कोची आणि विशाखापट्टणमसमोर सोडले आहेत. तेव्हा ‘अभ्यास दौऱ्या’साठी कुणी परदेशी जायची गरज नाही. चिपळूणहून गोवा एका दिवसात होतं.

आता थोडं यंत्राच्या विरोधात लिहितो, कारण विक्रेते ते सांगणार नाहीत. कोलिफॉर्म मोजणारा संवेदक या बोटीवर बसत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत जिवाणू वाढवावे लागतात. बीओडीला आपल्याकडच्या पद्धतीने तीन दिवस, २७ अंशांवर. जड धातू, कीटकनाशकं, विद्रावकं हे सगळं प्रयोगशाळेचंच काम. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड सीओडीच्या (घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा प्राणवायू मोजण्याच्या) चाचणीत ढवळाढवळ करतो, आणि गढूळ पाणी प्रकाशावर चालणाऱ्या संवेदकाला फसवतं. म्हणजे ‘कोणतं रसायन’ हे बोट सांगणार नाही. ‘इथे, आत्ता, काहीतरी बिघडलं’ एवढंच सांगेल. मला वाटतं तेवढंच हवं आहे. शिवाय तिच्यात थंड पेटीतल्या बाटल्या बसवता येतात. प्राणवायू किंवा आम्लता ठरावीक मर्यादेबाहेर गेली की बाटली आपोआप भरली जाते. पहाटे साडेपाचचं पाणी सकाळी दहाला प्रयोगशाळेत. चिपळूणला मंडळाची प्रयोगशाळा आहेच, हा या खाडीचा आणखी एक फायदा.

दुसरी अडचण शेवाळाची. आमच्या खाडीत दोरी आठवडाभर राहिली तर तिच्यावर बुळबुळीत थर चढतो, महिन्याभरात कालवं धरायला लागतात. संवेदकाच्या काचेवरही तेच. पुसणारा ब्रश बसवलेला असला तरी आठवड्याला माणसाने हात लावल्याशिवाय आकडे खरे राहत नाहीत. सरकारी खरेदीत नेमकी हीच गोष्ट सुटते. यंत्र येतं, नारळ फुटतो, फोटो छापून येतो, आणि दोन वर्षांनी ते कुठल्यातरी गोदामात ताडपत्रीखाली असतं. म्हणून माझी विनंती आहे की बोट विकतच घेऊ नका. आकडे विकत घ्या. निविदा अशी काढा की ठेकेदाराला पैसे मिळतील ते तपासून बरोबर ठरलेल्या नोंदींच्या तासांमागे. बोट बंद, पैसे बंद. तपासणी मंडळाच्या प्रयोगशाळेने अधूनमधून त्याच जागी हाताने नमुना घेऊन करावी. पावसाळा वगळू नये. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या काठाला असतात, खाडीवर बघणारं कोणी नसतं. ज्याला काही सोडायचं असेल त्याला तेच दिवस सोयीचे.

तिसरी अडचण जाळ्यांची. खाडीत डोली, म्हणजे प्रवाहात खुंटांना बांधलेली जाळी, लागतात, त्यांचे खुंट आणि दोर प्रवाहात ताठ उभे असतात. कुठे, हे कुठल्याही नकाशात नाही, ते इथल्या मच्छीमार भोई आणि खारवी मंडळींना माहीत आहे. बंगळुरूत बसून कोणी बोटीची वाट आखली तर पहिल्या रात्री ती डोलीत जाईल, जाळं फाटेल, नुकसान कोण भरणार यावरून भांडण होईल आणि दुसऱ्या दिवशी गाव बोटीच्या विरोधात. तेव्हा वाट आखायला, बोट सोडायला-घ्यायला, संवेदक पुसायला काठच्याच मुलांना घ्या आणि त्यांना पगार द्या. खाडीतले मासे गेल्यामुळे ज्यांचा धंदा गेला त्यांच्याच घरातली ही मुलं आहेत. ओहोटीची ओढ कुठे किती असते हे त्यांना शिकवावं लागणार नाही. छोट्या बोटीला ही ओढ महागात पडू शकते. ताशी चार-पाच किलोमीटरने जाणारं यंत्र उधाणाच्या ओहोटीत एका जागी नुसतं झगडत राहील, म्हणून वाट भरतीच्या हिशेबानेच ठरली पाहिजे.

सगळंच स्वयंचलित हवं असाही माझा हट्ट नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोट रोज खाडीचं तोंड ओलांडून ये-जा करते. युरोपात अशा प्रवासी बोटींच्या पोटात पाणी खेचून मोजणारी पेटी बसवतात. तशी एक पेटी इथे बसवली तर समुद्राकडून काय येतं आणि खाडीतून काय जातं याची नोंद जवळजवळ फुकटात मिळेल. इंजिन त्यांचं, डिझेल त्यांचं, आपली फक्त पेटी. जयगड-तवसाळ आणि वेश्वी-बागमांडलालाही हेच करता येईल.

आता कायदा. पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ चं कलम २१ सांगतं की सांडपाण्याचा नमुना घेताना तिथल्या तिथे संबंधिताला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही भाग सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्यायच्या, मग प्रयोगशाळेत पाठवायचे. हे पाळलं नाही तर विश्लेषणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीच्या बाजूने विचार केला तर ही तरतूद योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की बोटीने आणलेला आकडा, तो कितीही अचूक असो, एकटा न्यायालयात उभा राहणार नाही. तो उपयोगी पडेल खबर म्हणून. म्हणूनच या पत्रातली सर्वात महत्त्वाची मागणी यंत्राची नाही. बोटीने धोक्याचा इशारा दिला की त्याच भरती-ओहोटीच्या आत, म्हणजे फार तर सहा तासांत, अधिकाऱ्याने वाहिनीच्या तोंडाशी आणि संशयित ठिकाणी कलम २१ प्रमाणे नमुना घेतलाच पाहिजे, आणि घेतला नाही तर कारण लेखी नोंदवलं पाहिजे, असा शासन निर्णय आपण काढावा. रात्रीच्या पाळीला एक अधिकारी, एक वाहन, एक होडी एवढं लागेल. हा निर्णय नसेल तर बोटी घेऊ नका, कारण मग आम्हाला मासे मेल्याची बातमी फक्त आलेखासकट मिळेल.

तारापूर औद्योगिक वसाहतीचं उदाहरण आपल्यासमोर आहे. तिथल्या मांगेला मच्छीमारांच्या संघटनेला २०१६ साली हरित लवादाकडे जावं लागलं, आणि कारखाने व सामायिक प्रक्रिया केंद्रावर नुकसानभरपाई बसवणारा लवादाचा निर्णय यायला २०२२ उजाडलं. इतक्या वर्षांत किती मासळी गेली, किती घरांनी होड्या विकल्या, याचा हिशेब मागायचा तर सलग आकडे कुणाकडे आहेत?

आणि आकडे सर्वांना दिसले पाहिजेत. तिमाही अहवालाच्या पीडीएफमध्ये नव्हे, त्याच दिवशी, मराठीत. ग्रामपंचायतीच्या फलकावर, फेरीबोटीच्या तिकीट खिडकीवर, मोबाइलवर. ‘करंबवणे, पहाटे ५.२०, प्राणवायू इतका, ओहोटी’ एवढी ओळ पुरे. उद्योगांच्या संघटना याला विरोध करतील असं मला सांगितलं जातं. मला त्याची खात्री नाही. खाडीतला प्राणवायू कारखान्यामुळेच कमी होतो असं नाही. शहरांचं मैलापाणी आहे, उन्हाळ्यात वाढणारी शेवाळं आहेत. पावसाळा सरताना आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खालून कमी प्राणवायूचं पाणी वर येतं, गोव्यात कांदोळीसमोर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं ते मोजलं आहे. सप्टेंबरात मासे मेले आणि सलग नोंदींत दिसलं की हे पाणी समुद्राकडून भरतीबरोबर आत आलं, तर निर्दोष कारखान्यावर मोर्चा जाणार नाही. प्रामाणिकपणे प्रक्रिया करणाऱ्याचा खर्च आज वाया जातो, कारण तो आणि चोर एकाच खाडीत एकाच नावाने बदनाम होतात.

मुंबईत मिठी आहे, ठाण्याची खाडी आहे, तिथे फ्लेमिंगो आहेत आणि कॅमेरेही आहेत, तेव्हा प्रायोगिक प्रकल्प तिथेच करावा असा आग्रह आपल्याकडे नक्की धरला जाईल. ठाणे खाडीला याची गरज आहे, वाद नाही. पण तिथे इतक्या नाल्यांचं पाणी एकत्र येतं की पहिल्याच वर्षी कुठून काय आलं हे वेगळं काढणं जड जाईल, आणि प्रकल्प फसला असा शिक्का बसेल. आमच्याकडे दोन नद्या, एक मोठी औद्योगिक वसाहत, दोन शहरं आणि कोयनेचं पाणी. गुंता आहे, पण सुटण्यासारखा.

गणपती झाले की समुद्र शांत होतो. त्याआधी निविदा निघाली तर ऑक्टोबरात बोट पाण्यात असेल आणि पुढच्या पावसाळ्यासकट पूर्ण वर्षाच्या नोंदी हातात येतील. त्यापूर्वी आपण खाडी बघायला येणार असाल तर अवश्य या. दौऱ्याची वेळ मात्र आपल्या कार्यालयाला पंचांग बघून ठरवायला सांगा. अमावास्येच्या आदल्या रात्री चिपळूणला मुक्काम केलात तर पहाटे साडेचारला होडी तयार ठेवतो. विंकलरची रसायनं आणि बाटल्या माझ्याकडे आहेत.

आपला,
दाभोळ खाडीकाठचा एक निवृत्त प्राध्यापक